पाचवी मागणी : गिरणगावातील रोजच्या दुखापतींचा इतिहास

१/
सप्टेंबर १८८४. परळच्या सुपारीबागेत गिरणी कामगारांची सभा भरली होती. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने तेथे तयार झालेल्या निवेदनावर सुमारे ५,५०० कामगारांनी सह्या केल्या. निवेदनात पाच मागण्या होत्या. त्यांतील पहिली, रविवारच्या सुट्टीची, आज सर्वांना ठाऊक आहे. पाचवी मागणी मात्र विस्मरणात गेली. ती होती कामावर हात, बोट, डोळा गमावणाऱ्या माणसाविषयी. हा धागा त्या पाचव्या मागणीचा.

२/
मागणीचा आशय असा : गिरणीत काम करताना गंभीर दुखापत होऊन कामगार काही काळ निकामी झाला, तर बरा होईपर्यंत त्याला पूर्ण पगार मिळावा, आणि तो जन्माचा अधू झाला, तर त्याच्या उदरनिर्वाहाची योग्य सोय व्हावी. वाचताना ही गोष्ट साधी वाटते. परंतु त्या काळी यंत्रात सापडलेले बोट हे कामगाराचे नशीब किंवा त्याची बेफिकिरी समजली जाई. जखम कामातून झाली असेल तर तिचा भार कामाने उचलावा, हा विचार मुंबईत नवा होता.

३/
भार किती होता हे कळण्यासाठी गिरणीच्या आत डोकवावे लागते. कावसजी नानाभाई दावर यांची मुंबईतील पहिली सूतगिरणी ताडदेवला १८५६मध्ये सुरू झाली. पुढच्या काही दशकांत गिरण्यांची धुराडी भायखळा, लालबाग, परळ, वरळी, दादरपर्यंत पसरली. प्रत्येक यंत्राला स्वतंत्र मोटार ही नंतरची गोष्ट. सुरुवातीच्या गिरणीत एकच मोठे वाफेचे इंजिन असे. त्याची शक्ती छताजवळून जाणाऱ्या लांब लोखंडी दांड्यांतून आणि त्यांवरून खाली उतरणाऱ्या चामडी पट्ट्यांतून शेकडो यंत्रांना पोहोचे.

४/
या रचनेतच धोका होता. पट्टा फिरत असताना त्यात धोतराचा सोगा, साडीचा पदर किंवा सुटलेले केस अडकले, तर माणूस ओढला जाई. त्याच्याजवळचे यंत्र थांबवून उपयोग नसे. वरची दांडी फिरतच राही. कापूस मोकळा करणाऱ्या यंत्रांत दातेरी रूळ, पिंजणीच्या यंत्रांवर तारांचे बारीक दात, सूतकताईत उघडी दंतचक्रे. साचा खात्यात, म्हणजे मागांवर, धोटा क्षणाक्षणाला या टोकाकडून त्या टोकाला धावे. तो वाट चुकून उडाला की शेजारच्या माणसाचा डोळा किंवा दात जाई.

५/
हात यंत्रात जाई कशाने? बहुतेक वेळा साफसफाईने. कापसाची पिंज चाकांत साचत राही आणि ती काढली नाही तर सूत तुटे. यंत्र थांबवून साफ करणे सुरक्षित होते. पण थांबलेले यंत्र म्हणजे बुडालेले उत्पादन. विणकराला तर तयार मालावर पैसे मिळत. म्हणून चालू यंत्रात हात घालण्याची सवय लागे. त्यातच पहाटेपासून सुरू झालेला दिवस, कोंदट उष्मा आणि कानठळ्या बसवणारा आवाज. दमलेल्या हाताचा अंदाज बोटभर चुकला तरी पुरे होई.

६/
कोणाला कोणती जखम होणार, हे काही अंशी जातही ठरवत असे. साचा खात्यात धोट्यातून धागा ओढताना तो तोंडाने चोखून घेण्याची रीत होती. धोटा अनेकांच्या तोंडाला लागे म्हणून सवर्ण विणकर दलित कामगारांना त्या खात्यात येऊ देत नसत. परिणामी अधिक मजुरीचे विणकाम त्यांना बंद राहिले आणि सूतकताईसारख्या खात्यांत ते एकवटले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९२८च्या संपाच्या वेळी हा भेद ठळकपणे मांडला. एका धोट्याने मजुरीची उतरंड, धोक्यांची वाटणी आणि रोगांचा प्रसारही चालवला होता.

७/
जखम झाली की पहिला उपचार खात्यातच होई. कापलेल्या बोटावर जळक्या चिंधीची राख, चुना, तंबाखूची चिमूट, कोळ्याचे जाळे, नाहीतर नुसतीच घट्ट चिंधी. चाळीत पोहोचल्यावर हळद आणि तूप. मुका मार लागला तर आंबेहळद-रक्तचंदनाचा लेप, पाय मुरगळला तर चुना-गुळाचा गरम लेप, पाठीत उसण भरली तर मिठाच्या पुरचुंडीचा शेक. कोकणातून आणि घाटावरून आलेल्या माणसांनी आपल्यासोबत हे घरगुती वैद्यक आणले होते.

८/
या उपचारांपैकी काही तर्कशुद्ध होते. घट्ट दाबून धरल्याने रक्त थांबते, हे आजही प्रथमोपचाराचे पहिले सूत्र आहे. शेकाने जुन्या उसणीला आराम पडतो. राख, माती, शेण आणि जाळे मात्र घातक ठरत. धनुर्वाताचे जंतू मातीत आणि शेणात राहतात. खोल, झाकलेल्या, हवा न लागणाऱ्या जखमेत ते वाढतात. त्यामुळे वरून भरत आलेली जखम आठवड्याभराने जबडा आवळून माणसाला नेई. स्वच्छ पाण्याने जखम धुणे हा स्वस्त उपाय होता; पण शेकडो माणसांच्या चाळीत मोजक्या नळांवर तोही सहज हाती लागत नसे.

९/
हाड मोडले तर हाडवैद्य, सांधा निखळला तर तालमीतला वस्ताद. गिरणगावात तालमी पुष्कळ होत्या आणि कुस्ती खेळणाऱ्यांना सांध्यांची जाण असे. साधा निखळलेला खांदा जाणत्या हाताने बसे. बांबूच्या कामट्या बांधून हाताचे हाडही जुळे. परंतु गिरणीतला मोड साधा नसे. यंत्राने चिरडलेल्या हातात हाडासोबत कातडी, शिरा आणि स्नायू गेलेले असत. अशा हातावर कामट्या आवळून बांधल्या तर रक्तपुरवठा थांबून हात सडे. कुस्तीच्या आखाड्यातले शहाणपण वाफेच्या इंजिनापुढे अपुरे पडत होते.

१०/
इस्पितळे नव्हती असे नाही. भायखळ्याचे जमशेटजी जीजीभाई रुग्णालय १८४५पासून चालू होते. पण इस्पितळात पडून राहिलेल्या माणसाच्या घरी चूल कशी पेटणार? गिरणीच्या दाराशी रोज सकाळी बदली कामगारांची गर्दी उभी असे आणि रिकामी झालेली जागा जॉबर तेथूनच भरून घेई. जखमी माणसाला उरे ते गाव. रत्नागिरी किंवा साताऱ्याकडचे घर, दोन वाफे जमीन आणि नातलग हाच त्याचा दवाखाना, हाच त्याचा विमा. मुंबईच्या कापडाचा एक खर्च असा कोकणातली आणि घाटावरची खेडी भागवत होती.

११/
सरकारचे लक्ष या प्रश्नाकडे वळले ते १८७५मध्ये. मुंबई सरकारने गिरण्यांची स्थिती तपासण्यासाठी आयोग नेमला. त्यातील बहुसंख्य सदस्यांना कायद्याची गरज वाटली नाही. आयोगावर गिरणीमालकही होते. सोराबजी शापुरजी बंगाली या पारशी समाजसुधारकाने १८७८मध्ये स्वतः विधेयकाचा मसुदा तयार केला, पण तो मांडण्याची परवानगी मिळाली नाही. दुसरीकडे लँकेशायरचे गिरणीमालक मुंबईत कारखाना कायदा यावा म्हणून इंग्लंडमध्ये दबाव आणत होते. त्यात कळवळ्याइतकीच स्वस्त मुंबई-कापडाची धास्ती होती.

१२/
अखेर लॉर्ड रिपन यांच्या कारकिर्दीत १८८१चा कारखाना कायदा आला. यंत्रशक्ती वापरणाऱ्या, १०० किंवा अधिक माणसे असलेल्या कारखान्यांना तो लागू होता. सात वर्षांखालील मुलांना मनाई आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांना दिवसाला नऊ तासांची मर्यादा, हे त्याचे प्रसिद्ध कलम. कमी प्रसिद्ध असलेली तरतूद अशी की धोकादायक यंत्रांना कुंपण घालावे आणि अपघाताची खबर सरकारला द्यावी. दुखापत नशिबाने होत नाही, उघड्या चाकाने होते, हे भारतीय कायद्याने कारखान्यापुरते तरी येथे मान्य केले.

१३/
त्या ‘कुंपण’ शब्दाचे मोल मोठे आहे. जाळी बसवलेला पट्टा, झाकलेले दंतचक्र, धोटा उडू नये म्हणून मागावर बसवलेली आडकाठी : हे उपाय कामगाराच्या सावधपणावर विसंबत नाहीत. तो दमलेला असला, नवखा असला तरी जाळी आपले काम करते. मात्र कायदा येथेच थांबला. प्रौढ कामगारांच्या तासांना मर्यादा नव्हती, आठवड्याची सुट्टी नव्हती आणि जखमी माणसाला एक पैसाही देण्याचे बंधन नव्हते. ही पोकळी तीन वर्षांनी सुपारीबागेतल्या सभेने बोलून दाखवली.

१४/
ती मांडणारे लोखंडे जन्माने ठाण्याचे. १८४८चा जन्म, महात्मा फुले यांचे सत्यशोधक सहकारी. काही काळ त्यांनी गिरणीत भांडारपाल म्हणून काम केले, त्यामुळे कामगाराचा दिवस त्यांनी जवळून पाहिला होता. कृष्णराव भालेकर यांनी पुण्यात सुरू केलेले ‘दीनबंधू’ हे पत्र १८८०मध्ये त्यांनी मुंबईत आणले आणि त्यातून गिरणीतील हालअपेष्टांना वाचा फोडली. १८८४मध्ये त्यांनी स्थापलेली बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन ही भारतातील कामगार संघटनेची पहिली खूण मानली जाते.

१५/
आता त्या पाच मागण्या एकत्र ठेवून पाहाव्यात. एक, रविवारी पूर्ण सुट्टी. दोन, दुपारी अर्धा तास विश्रांती. तीन, काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला संपावे. चार, मागच्या महिन्याचा पगार १५ तारखेच्या आत मिळावा. पाच, जखमी कामगाराला पगार आणि अपंगाला आधार. सुट्टी, विश्रांती आणि उजेडातले काम या तिन्ही गोष्टी थकलेला हात यंत्रापासून दूर ठेवतात. वेळेवरचा पगार औषधपाण्याला उपयोगी पडतो. आणि एवढे करूनही जखम झालीच, तर पाचवे कलम.

१६/
म्हणजे हे निवेदन दुखापत टाळण्याचा आणि निस्तरण्याचा संपूर्ण आराखडाही होते. योगायोग असा की त्याच वर्षी, जुलै १८८४मध्ये, बिस्मार्कच्या जर्मनीने अपघात विम्याचा कायदा मंजूर केला. चूक कोणाची हे न विचारता, मालकांच्या वर्गणीतून जखमी कामगाराला मोबदला द्यावा, असे त्याचे तत्त्व होते. जर्मनीत हा विचार राज्यकर्त्यांनी वरून लादला. परळमध्ये दोन महिन्यांनी तोच विचार कामगारांच्या सभेतून, खालून वर आला. फरक इतकाच की जर्मनीत त्याचा कायदा झाला आणि मुंबईत कागद राहिला.

१७/
लोखंडे थांबले नाहीत. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले. दोन कामगार स्त्रियांनीही तेथे भाषणे केली. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. १८९१च्या सुधारित कायद्याने साप्ताहिक सुट्टी आणि दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती सर्वांना दिली, स्त्रियांच्या कामाला ११ तासांची मर्यादा घातली आणि ५० माणसांच्या कारखान्यांनाही कायद्याच्या कक्षेत आणले. पहिली आणि दुसरी मागणी पदरात पडली. पाचवी जागच्या जागी राहिली.

१८/
९ फेब्रुवारी १८९७ रोजी प्लेगने लोखंडे यांचा मृत्यू झाला. साथीच्या काळात ते रुग्णांच्या सेवेत होते. त्याच वर्षी ब्रिटनच्या संसदेने आपल्या कामगारांसाठी नुकसानभरपाईचा कायदा मंजूर केला. एकाच साम्राज्यात, एकाच बनावटीच्या यंत्रावर, मँचेस्टरमध्ये गेलेल्या बोटाला आता किंमत होती आणि लालबागमध्ये गेलेल्या बोटाला नव्हती. ही तफावत पुढची २७ वर्षे टिकली.

१९/
उलट धोका वाढला. १९०५च्या सुमारास मुंबईच्या गिरण्यांत विजेचे दिवे आले. सूर्यास्ताची नैसर्गिक मर्यादा संपली आणि तेजीच्या दिवसांत काम १४-१५ तासांवर गेले. लोखंडे यांनी सूर्यास्ताची अट का घातली होती, ते आता उमगले. असंतोष उसळल्यावर पुन्हा आयोग, पुन्हा अहवाल, आणि १९११च्या कायद्याने कापड गिरण्यांतील प्रौढ पुरुषांसाठी १२ तासांची मर्यादा. पुढे १९२२मध्ये दिवसाला ११, १९३४मध्ये १० आणि १९४६मध्ये ९ तास. प्रत्येक उतरलेला तास म्हणजे यंत्रासमोर कमी झालेला एक थकलेला तास होता.

२०/
पाचव्या मागणीला वाट मिळाली ती पहिल्या महायुद्धानंतर. १९११मध्ये सोशल सर्व्हिस लीग स्थापन करून गिरणगावात रात्रशाळा आणि वाचनालये चालवणारे नारायण मल्हार जोशी १९२१पासून मध्यवर्ती कायदेमंडळात कामगारांचे प्रतिनिधी म्हणून बसू लागले. आंतरराष्ट्रीय कामगार संघटना १९१९मध्ये जन्मली होती, संपांचे दिवस होते, आणि दडपण दोन्हीकडून होते. १९२३मध्ये कामगार नुकसानभरपाई कायदा मंजूर झाला आणि १ जुलै १९२४पासून अमलात आला. सुपारीबागेतल्या सभेला तेव्हा चाळीस वर्षे होत आली होती.

२१/
या कायद्याच्या मूळ परिशिष्टात माणसाच्या शरीराचे दरपत्रक होते. कमावण्याची शक्ती किती घटली, याचे टक्के : उजवा हात कोपराच्या वर गेला तर ७०, डावा गेला तर ६०. एक डोळा ३०. अंगठा २५. तर्जनी १०. इतर कोणतेही बोट ५. माणूस पूर्ण निकामी झाला तर ४२ महिन्यांचा पगार किंवा ३,५०० रुपये, यांपैकी कमी असेल ती रक्कम. म्हणजे अंगठ्याची किंमत साडेदहा महिन्यांचा पगार. महिना ३० रुपये मिळवणाऱ्याला अंगठ्याचे ३१५ रुपये, तर्जनीचे १२६.

२२/
वाचताना हा हिशेब निर्दय वाटतो. तरी त्याआधी त्याच बोटाची किंमत शून्य होती. उणिवा मात्र ठळक होत्या. पहिल्या दहा दिवसांचे काहीच मिळत नसे, आणि त्यानंतरही तात्पुरत्या दुखापतीला साधारण निम्माच पगार. कामगार नशेत होता किंवा त्याने सुरक्षेची जाळी मुद्दाम काढली, असे सिद्ध झाले तर भरपाई बुडे. उत्पादनाच्या घाईत जाळी बाजूला सारण्याची सवय कोणी लावली, हा प्रश्न कायद्याने विचारला नाही. पाचवी मागणी पूर्ण पगाराची होती. कायद्याने अर्ध्यावर तोडगा काढला.

२३/
उपचाराच्या बाजूने परळ पालटले ते १९२६मध्ये. महानगरपालिकेचे के. ई. एम. रुग्णालय आणि सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय गिरण्यांच्या ऐन मध्यात उभे राहिले. महाविद्यालयासाठी देणगी देणाऱ्या विश्वस्तांची अट होती की अध्यापक भारतीय असावेत. डॉ. जीवराज मेहता यांनी संस्थेच्या जडणघडणीच्या काळात अधिष्ठातापद सांभाळले. चिरडलेला हात घेऊन आता कामगाराला दूर जावे लागत नव्हते. शेजारीच, १९२६मध्ये वाडिया प्रसूतिगृह आणि १९२९मध्ये मुलांचे वाडिया रुग्णालय सुरू झाले. धुराड्यांच्या सावलीत इस्पितळांची वसाहत वसली.

२४/
त्यानंतरचे पाऊल विम्याचे. कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्यासाठी १९४३मध्ये प्रा. बी. पी. अडारकर यांची नेमणूक झाली. तेव्हा व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते डॉ. आंबेडकर यांच्याकडे होते. १९४४च्या अडारकर अहवालातून १९४८चा कर्मचारी राज्य विमा कायदा निघाला. योजना २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर आणि दिल्लीत सुरू झाली, १९५४मध्ये मुंबईत आली. भरपाईसाठी मालकाशी झगडण्याऐवजी वर्गणीच्या निधीतून उपचार आणि पैसे, असा हा बदल होता. परळचे महात्मा गांधी स्मारक रुग्णालय याच योजनेचे.

२५/
१९४८चाच कारखाना कायदा पाहिला तर जुन्या जखमांची यादीच समोर येते. फिरत्या भागांना कुंपण. फिरत्या यंत्राजवळ काम करणाऱ्यास अंगाबरोबरचे कपडे. चालू यंत्राची साफसफाई स्त्रिया आणि अल्पवयीनांकडून करून घेण्यास मनाई. कापूस मोकळा करणाऱ्या यंत्राजवळ स्त्रिया व मुलांना कामावर ठेवण्यास बंदी. दर १५० कामगारांमागे प्रथमोपचाराची एक पेटी. ५०० हून अधिक कामगार असतील तर उपचारांची स्वतंत्र खोली. यातील एकेक कलम म्हणजे कोणाच्या तरी सोग्याची, पदराची, बोटाची शिकवण आहे. पुढे शीवला केंद्रीय श्रम संस्था उभी राहिली आणि ४ मार्च १९६६ रोजी राष्ट्रीय सुरक्षा परिषद स्थापन झाली. तो दिवस आज राष्ट्रीय सुरक्षा दिन म्हणून पाळला जातो.

२६/
मात्र गिरणगावातली प्रत्येक जखम गिरणीत होत नव्हती. एकट्या राहणाऱ्या हजारो कामगारांना खानावळी चालवणाऱ्या स्त्रिया जेवू घालत. दहा-बारा फुटांच्या खोलीत पहाटेपासून पेटलेली चूल किंवा भडकणारा स्टोव्ह, उकळत्या आमटीचे पातेले, पायात घुटमळणारी मुले. भाजण्याच्या या जखमांची खबर कोणत्याही निरीक्षकाकडे जात नसे, कारण घर हा कारखाना नव्हता. भाजल्यावर शाई किंवा तूप लावण्याची रीत होती. आज सांगितला जाणारा उपाय, भाजलेला भाग वीस मिनिटे वाहत्या गार पाण्याखाली धरणे, नळाच्या रांगेत उभ्या बाईला परवडणारा नव्हता. प्रेमा पुरव यांनी १९७५मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभारून या स्त्रियांना संघटित केले, तेव्हा त्यांच्या कामाला काम म्हणून ओळख मिळू लागली.

२७/
१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. पुढे गिरण्या बंद पडत गेल्या. नोकरीला जोडलेले विम्याचे छत्रही नोकरीबरोबर गेले. कापड मात्र बनतच राहिले. ते भिवंडीसारख्या ठिकाणच्या यंत्रमागांकडे गेले. १९४८चा कारखाना कायदा विजेवर चालणाऱ्या ठिकाणी किमान १० कामगार असले तरच लागू होई, आणि छोट्या शेडमध्ये ती संख्या सहज टाळता येई. शंभर वर्षे खपून बसवलेली जाळी ओलांडून काम पलीकडे निघून गेले. धोटा तोच राहिला, मोजणारा उरला नाही.

२८/
गिरण्यांच्या जागी मनोरे आले, पण जखम कोणाची हा प्रश्न दरवर्षी गोकुळाष्टमीला पुन्हा उभा राहतो. लालबाग, परळ, दादर, गिरगाव येथील थर जसजसे उंच झाले, तसतशी त्या दिवशी इस्पितळांत पोहोचणाऱ्या गोविंदांची गर्दी चर्चेत आली. २०१४मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने उंचीला २० फुटांची आणि वयाला १८ वर्षांची मर्यादा घातली. २०१७मध्ये उंचीची मर्यादा उठली आणि वयाची अट १४ वर्षांवर आली. २०२२मध्ये राज्य सरकारने दहीहंडीला साहसी खेळ मानून अपघातग्रस्त गोविंदांसाठी आर्थिक साहाय्य जाहीर केले. शिरस्त्राण, सुरक्षा दोर, खाली गाद्या आणि वर विमा : प्रतिबंध आधी, भरपाई नंतर, हा क्रम निवेदनातलाच आहे.

२९/
आज कर्मचारी राज्य विमा योजनेत कामावर जखमी झालेल्या विमाधारकाला बरा होईपर्यंत सरासरी वेतनाच्या ९० टक्के रक्कम मिळते. १८८४ची मागणी १०० टक्क्यांची होती. म्हणजे विम्याच्या आत असलेल्या कामगारापुरती ती दहा टक्क्यांनी अपुरी आहे. विम्याच्या बाहेर असलेल्यांपुरती ती अजून १८८४च्या जागीच उभी आहे. दुचाकीवरून जेवण पोहोचवणारा मुलगा परळच्या पुलावर घसरतो, बांधकामावरचा मजूर परातीवरून कोसळतो, तेव्हा दुसऱ्या दिवशीच्या कमाईचा प्रश्न बदली कामगारांच्या रांगेइतकाच जुना असतो.

३०/
जखमेवर पट्टी बांधण्याची कला काळाबरोबर सुधारली. राखेची जागा निर्जंतुक कापसाने घेतली, कामट्यांची प्लास्टरने, धनुर्वाताला लस मिळाली. ही प्रगती विज्ञानाची. परंतु बोट मुळात यंत्रात जाऊ नये आणि गेलेच तर घरची चूल विझू नये, ही प्रगती विज्ञानाने आपोआप दिली नाही. ती सभा, सह्या, संप आणि कायदा यांतून इंचाइंचाने मिळाली. तिची पहिली मराठी मांडणी परळच्या एका बागेत झाली होती.